खोलून बंद

"हॅलो, आवाज येत नाही तुमचा," फोनमधली बाई म्हणाली, आणि पौर्णिमा थूल, जिचा आवाज तीन वर्ग ओलांडून जातो अशी प्राचार्यांचीच तक्रार होती, स्टाफरूमच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मला येतोय! मला तुमचा येतोय! बोला!" पेपर तपासत बसलेल्या चारही माना वर झाल्या. खिडकीबाहेर सायकल लावणारी मुलगी थबकली. आर्वीच्या अर्ध्या बाजाराला ऐकू गेलं असेल, फक्त वर्ध्याच्या दवाखान्यातल्या त्या बाईला तेवढं गेलं नाही. ती आपली शांतपणे, भिंतीशी बोलावं तशी बोलत राहिली. भैयाजी थूल यांचे नातेवाईक असाल आणि ऐकू येत असेल तर ऐका. सोमवारची तारीख लागली आहे. उद्या अकरा वाजता एकदा फोन करते, ऑपरेशनला हो की नाही तेवढं सांगायचं. कोणी बोललं नाही तर नंबर पुढच्या पेशंटला जाईल, मग पुन्हा कधी लागेल ते माझ्या हातात नाही. "ठेवते," असं म्हणून तिने ठेवलासुद्धा. पौर्णिमाने उलटा फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्या नंबरावर आजवर कधीच कोणी उचललं नव्हतं, आणि उचललं असतं तरी त्यांना पुन्हा 'आवाज येत नाही' हेच म्हणावं लागलं असतं. "मॅडम, एक साधा फोन घेऊन टाका ना," शेजारच्या टेबलावरून रक्षा म्हणाली. ती गणित शिकवायची आणि तिच्या जगात प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. "नाहीतर तुमचं सिम माझ्या जुन्या फोनमध्ये टाका. दिवाळीपासून सांगतेय." तो जुना फोन रक्षाने खरंच आणून दिला होता. पौर्णिमाच्या ड्रॉवरमध्ये, हजेरीपटाखाली, तो चार महिने पडून होता, आणि सिम टाकायला दोन मिनिटं लागतात हे पौर्णिमालाही माहीत होतं.

या फोनने तिचा जीव नकोसा करून टाकला होता. अश्वजितने, तिच्या धाकट्या भावाने, तो हॉलंडहून आणला होता, आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आला तेव्हा. त्रिशरण पंचशील झालं, जेवणं उरकली, पाहुणे गेले, आणि मग याने बॅगेतून एक राखाडी खोका काढला, त्यात फोन आणि एक बोटभर पेचकस. फोनबरोबर चार्जर नाही, पण पेचकस आहे! हा फोन फेकायचा नाही, ताई, याचं सगळं सुटं होतं, बॅटरी काढता येते, कॅमेरा बदलता येतो, याच्यासाठी खाणीत कुठल्या मुलाला राबवलेलं नाही, दहा वर्षं वापर. हे सगळं बोलताना त्याचे डोळे इतके चमकत होते की तिला नाही म्हणवलं नाही. त्याला तिच्यासाठी काहीतरी चांगलं करायचं होतं. आईच्या वेळी तो येऊ शकला नव्हता, त्याचं हे काहीतरी होतं, आणि ते घ्यायला हवं होतं. तेव्हापासून दीड वर्ष ती या सज्जन फोनची सेवा करत होती. त्याला कव्हर मिळत नाही. त्याची काच मिळत नाही, दुसऱ्याच कुठल्या कंपनीची कापून लावली ती दोन्ही बाजूंना बोटभर कमी पडते. बसमध्ये शेजारी बसलेली प्रत्येक व्यक्ती हातात घेऊन उलटा करून पाहते आणि विचारते, कोणत्या कंपनीचा, मग नाव ऐकून असं तोंड करते की जणू पौर्णिमाला कोणीतरी फसवलंय. एकदा तळेगावच्या वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा तो हातातून उडाला, पाठ एकीकडे, बॅटरी एकीकडे, आणि अख्खी बस "गेला, गेला!" करत सीटखाली वाकली. तिने तिन्ही तुकडे गोळा करून टप टप बसवले आणि फोन सुरू केला. समोरच्या म्हातारीने हात जोडले. तेवढा एक क्षण तिला या फोनचा अभिमान वाटला होता, दीड वर्षातला एकच, आणि तोही ती अश्वजितला सांगायची विसरली.

आणि मग दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, आणि तिचा आवाज जाणं बंद झालं. सगळ्यांचं बोलणं तिला ऐकू येई, तिचं कोणालाच जात नसे. पहिले काही दिवस ती "हॅलो, हॅलो" करत अंगणात फिरली, गच्चीवर चढली, नेटवर्कला शिव्या दिल्या. मग कळलं की नेटवर्क ठीक आहे, हाच मुका झालाय. अश्वजित व्हिडिओवर दिसायचा, ती इकडून हातवारे करायची, मग टाइप करायची, आणि तो तिकडून म्हणायचा, "ताई, सोप्पंय, खालचा माइकचा भाग बदलायचा, सात स्क्रू आहेत, तू स्वतः करशील." तो भाग इकडे मिळत नाही. कंपनी इकडे पाठवत नाही. त्याने तिकडून पाठवला तो कुठल्यातरी कस्टममध्ये बसलाय, दर आठवड्याला त्याचा 'प्रक्रिया सुरू आहे' असा निरोप येतो. सुधरवता येणारा फोन, पण सुधरवायचा कुठे, तर हॉलंडमध्ये! हे तिने एकदा रागाने टाइप केलं, मग पुसून टाकलं, आणि 'ठीक आहे, वाट बघू' असं लिहिलं. वाट बघणं तिला जमत होतं. तेच तर तिला अलीकडे खटकू लागलं होतं. रोज ती चिडत होती, रोज रक्षाजवळ कुरकुरत होती, आणि रोज ड्रॉवर उघडून, हजेरीपट काढून, पुन्हा बंद करत होती.

कॉलेज सुटल्यावर ती थेट स्टँडजवळच्या काजलच्या दुकानात गेली. काजल चाळिशीची, चष्मा कपाळावर, हातात पेन धरावं तशी सोल्डरिंगची सळई. आर्वीतले सगळे फोन कधी ना कधी हिच्या हाताखालून जातात. तिने फोन पाहिला आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतलासुद्धा नाही. "ताई, हा तुम्ही तिसऱ्यांदा आनून राह्यल्या. मी काय म्हनलं होतं? माइक गेला. पार्ट नाई इथं, नागपूरले बी नाई." पौर्णिमा म्हणाली, "खोलून तरी पाह्य ना काजल, उद्या अकराच्या आत पाह्यजे." "खोलून काय करू? खोलला अन् पार्टच नाई, तं तसाच बंद करून देऊ का?" काजलने हे सहज म्हटलं. पौर्णिमाचा मात्र हात काउंटरवरून एकदम मागे आला. तिने फोन घेतला, पर्समध्ये टाकला, आणि वळली. मागून काजल विचारत होती, "काऊन वो ताई, रागावल्या का?" बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या दिशेने रांग, आणि हवेत नेहमीप्रमाणे रुईचे, कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हे असंच. केसांत, दुपट्ट्यावर, चहाच्या कपात. आर्वीच्या माणसाला ते दिसतच नाहीत. तिने नाकावरून हात फिरवला आणि चालत राहिली.

खोलून बंद. हे शब्द तिच्या घरात उच्चारायचे नाहीत असं कोणी ठरवलं नव्हतं, पण दोन वर्षांत ते कोणी उच्चारले नव्हते. भैयाजी, तिचे वडील, चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. खोलणं हे त्यांचं काम. दर रविवारी घरातही काही ना काही खोललेलं असायचं, पंखा, शेजाऱ्याचा पंप, शिलाई मशीन, आणि खाली वर्तमानपत्र, बाजूला स्टीलच्या ताटलीत काढलेल्या क्रमाने मांडलेले नट. तिथे पाय पडला तर आई, तानाबाई, सुद्धा ओरडा खायची. जेवढे काढले तेवढे लागले पाहिजेत, आणि खोललं की काम करूनच बंद करायचं, मग रात्र झाली तरी चालेल, हा त्यांचा कायदा. आणि आईच्या ऑपरेशनच्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात, बाकावर, हाच माणूस मांडीवर हात ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघत बसला होता. आईला दहाला आत नेलं. पावणेअकराला दार उघडलं. भैयाजी उठून म्हणाले, "इतक्या लवकर? इतक्यात त गिअरबॉक्सचं झाकन बी निघत नाई." त्यांना ते चांगलं लक्षण वाटलं होतं, हे तिच्या अजून डोळ्यांसमोर आहे, चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं. डॉक्टर म्हणाले, उघडून पाहिलं, सगळीकडे पसरलंय, हात लावण्यासारखं नव्हतं, बंद केलं. भैयाजींनी दोनदा विचारलं. "म्हंजे काहीच केलं नाई? खोललं, अन् तसंच बंद केलं?" त्यात डॉक्टरांची चूक नव्हती, हे तिला कळत होतं, त्यांनाही कळत असावं. पण आई तीन महिन्यांनी गेली, आणि ते तीन महिने भैयाजी तिच्या पोटावरच्या त्या लांब शिवणीकडे बघत राहिले. आणि त्या ऑपरेशनला हो म्हणणारी पौर्णिमा होती. "तू शिकलेली हायेस, तू सांग," असं म्हणून त्यांनी फोन तिच्या हातात दिला होता, आणि तिने मोठ्या, स्वच्छ, वर्गातल्या आवाजात सांगितलं होतं, "हो, करा." तेव्हाच्या साध्या, चिकटवलेल्या, कधीच न उघडणाऱ्या फोनवरून तो आवाज व्यवस्थित पोहोचला होता.

आता गाठ भैयाजींना होती, आतड्यात. वेळेत सापडली आहे, काढता येईल, असं वर्ध्याचे डॉक्टर म्हणतात. भैयाजींचं एकच वाक्य, "मले खोलाचं नाई." यावर वाद नाही, रडारड नाही, ते वाक्य म्हणून झालं की ते ताटातलं जेवण संपवतात, तेही हल्ली अर्धंच. ती हो म्हणाली असती तर त्यांना ओढून नेता आलं असतं का, आणि नाही म्हणाली असती तर ती कशी जगली असती, या दोन्हींच्या मधे हा मुका फोन होता. दवाखान्याचा फोन यायचा, ती ओरडायची, आवाज जायचा नाही. तिची काही चूक नसायची. संध्याकाळी घराच्या फाटकाशी उभी राहून, पर्समधून किल्ली शोधताना, हे तिच्या मनात इतकं सरळ उमटलं की तिला स्वतःचीच किळस आली. चार महिने मी हा फोन सुधरवला नाही, कारण मला बोलायचं नव्हतं. ती ते झटकून आत गेली, भैयाजींना चहा दिला, आणि उद्याच्या फोनबद्दल काही सांगितलं नाही.

सकाळी तिने कॉलेजला सुट्टी कळवली, टाइप करून. नऊ वाजता पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं, फोन ठेवला, बोटभर पेचकस ठेवला, आणि अश्वजितने पाठवलेला व्हिडिओ बघायला फोनच लागणार हे लक्षात आल्यावर डोकं धरून बसली. रक्षाचा जुना फोन ड्रॉवरमध्ये होता, आणि ड्रॉवर कॉलेजात, कुलपात. भैयाजी दारात येऊन उभे राहिले होते. बंडी, पंचा, आणि गेल्या महिन्यात सैल पडलेला दात जिभेने हलवत. "काय करून राह्यली?" "खोलून राह्यली," ती वैतागून म्हणाली, "अकराले वर्ध्याचा फोन येनार हाय. हो का नाई विचारतीन. मले सांगता येत नाई, कारन यातून आवाज जात नाई. अन् सांगाचं काय ते बी मले माहीत नाई. झालं?" हे सगळं एका दमात बाहेर पडलं. भैयाजी वळले. आत गेले, स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली घेऊन आले, आणि गुडघ्यांवर हात टेकत, हुंकार देत, वर्तमानपत्राशेजारी बसले. "सरक तिकडं," म्हणाले, "असं नसते खोलत."

पाठ त्यांनी नखाने काढली, बॅटरी उचलली, तिच्या हातात दिली. स्क्रूंपाशी मात्र हात थरथरायला लागला. पेचकसाचं टोक खाचेवरून दोनदा घसरलं. तिने हात पुढे केला, तसा त्यांनी कोपराने बाजूला सारला. "बॅटरी धर," ते म्हणाले. "धरली ना," ती म्हणाली आणि हातातली बॅटरी दाखवली. "हे नाई वो माय! उजेडाची बॅटरी! लहानपनी धरत होती तशी." ती उठून कपाटातली टॉर्च घेऊन आली, आणि या इतक्या वैतागलेल्या सकाळीसुद्धा तिला हसू आलं, कारण त्यांच्या घरात टॉर्चला कधीच कोणी टॉर्च म्हटलं नव्हतं. सातव्या-आठव्या वर्षी ती अशीच धरायची, झोप येऊन उजेड हलला की "इकडं पाड, इकडं," असा आवाज यायचा. आताही तसाच आला. एक स्क्रू. दोन. ताटलीत काढलेल्या क्रमाने, गोल. त्यांचं लक्ष आतल्या हिरव्या पट्टीवर होतं, आणि तिचं त्यांच्या मानेवर, जिथली कातडी महिन्याभरात लोंबायला लागली होती. साडेदहा झाले होते.

"चार महिने हे असंच हाय?" त्यांनी विचारलं. "मंग काऊन नाई खोलला तू? दांडपट्टा चालवासारखं त काही नाई याच्यात. तुले येते." ती म्हणणार होती की वेळ नव्हता, पार्ट नव्हता, अश्वजित म्हणाला, काजल म्हणाली. पण तोंडातून दुसरंच आलं. "खोलला असता, अन् नाई सुधरला असता, तं?" सहावा स्क्रू निघत होता. पेचकस थांबला. भैयाजींनी वर पाहिलं नाही. बाहेरून जिनिंगचा भोंगा ऐकू आला, गल्लीतून धुरपताबाईची भाजीची आरोळी गेली, कोथिंबीर, मेथी, आणि पौर्णिमाला वाटलं आपण फार मोठी चूक केली, हे बोलायला नको होतं, आता हे उठून जातील. हाताला कळ लागली तरी तिने उजेड हलू दिला नाही. मग ते म्हणाले, "नाई सुधरला असता तं नाई सुधरला असता. आता तरी कुठी चालू होता?" आणि सहावा स्क्रू ताटलीत ठेवून सातव्याला लागले.

खालचा भाग सुटा होऊन हातात आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला, मग तिला म्हणाले, "पाह्य बरं, त्या भोकापाशी काय हाय?" तिने वाकून पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यात काहीतरी मळकट, घट्ट. भैयाजींनी बंडीला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि हात थरथरतो म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून, एकदाच, हळूच ओढलं. पिनेच्या टोकाला राखाडी बोळा लटकला. त्यांनी तो चिमटीत धरून उलगडला तसा आतून पांढरा निघाला. "रुई," ते म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने, "रुई हाय ना बाप्पा! पार्ट गेला म्हने! साऱ्या गावात रुई उडून राह्यली, अन् हे पोरगं पार्ट धाडते हॉलंडहून!" ते इतके जोरात हसले की खोकला आला, आणि पौर्णिमाला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना. चार महिने! एक अख्खा इंजिनिअर भाऊ, एक काजल, एक ती स्वतः, भूगोलाची बाई, जी दरवर्षी अकरावीला कापसाचा पट्टा शिकवते. कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते संतापाचं होतं असं तिने ठरवून टाकलं. भैयाजी फुंकर मारत होते, भाग जागेवर बसवत होते, ताटलीतून उलट्या क्रमाने स्क्रू मागत होते. "सातवा दे. आता सहावा."

शेवटचा स्क्रू लागला तेव्हा अकराला पाच कमी होते. बॅटरी, पाठ. फोन सुरू व्हायला त्याला नेहमीच जीवघेणा वेळ लागे, पडद्यावर कंपनीचं नाव येऊन बसे आणि हलत नसे. दोघं वर्तमानपत्राच्या दोन बाजूंना बसून त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वाजून गेले. सात मिनिटं झाली. मग तो वाजला, आणि तिने उचलला, आणि सवयीने ओरडली, "हॅलो!" "अहो, हळू," पलीकडची बाई म्हणाली, "येतोय आज आवाज. भैयाजी थूल यांच्या कोण तुम्ही? सोमवारचं काय करायचं? हो की नाही?" आवाज जात होता. आता काहीही म्हटलं तरी ते पोहोचणार होतं. पौर्णिमाने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचा श्वास ऐकू आला, तो त्या बाईलाही ऐकू जात असणार. "हॅलो? गेला का पुन्हा आवाज?" भैयाजींनी हात पुढे केला. तिने स्पीकर सुरू करून फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, तोंडासमोर आडवा धरला, डेपोत मुकादमाच्या खोलीतला फोन धरायचे तसा.

"मी भैयाजी थूल बोलून राह्यलो. पेशंट मीच," ते म्हणाले. "तुमच्या डॉक्टरसाहेबाले माह्या तर्फे एक सांगजा. खोलसान, तं काम करूनच बंद करजा. खोलून तसंच बंद नोका करू. आमच्या घरी एकदा झालं ते." पौर्णिमाला वाटलं, फोन पुन्हा गेला. मग त्या बाईचा आवाज आला, आधीपेक्षा जरा हळू. "काका, माझ्याकडे इथे हो किंवा नाही एवढंच लिहायची जागा आहे." भैयाजींनी ताटलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. त्यांनी तरीही बोट फिरवून एकदा खात्री करून घेतली.

"मंग हो लिहा," ते म्हणाले. "पन मी काय म्हनलो, ते आलं का तुमाले ऐकू?"

"आलं काका," बाई म्हणाली. "सगळं ऐकू आलं."